जुन्या गोव्याच्या खाजणात चालायचं तर आधी भरतीची वेळ काढा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून चौघं जुन्या गोव्याला मुक्कामाला येताय, तीन सकाळी मोकळ्या आहेत. सोबत ६८ वर्षांची आई आणि १० वर्षांचा मुलगा. चर्चेस दुपारी बघता येतील, पण सकाळी आसपासच्या दलदलीतून, खाडीकाठाने चालायचं आहे. वाटा कुठल्या, किती किलोमीटरच्या, नकाशा मिळतो का, वाटाड्या लागतो का, आणि मगरींचं काय?

मी याच भागात लोकांना पायी हिंडवतो, पक्षी आणि खाजणं, म्हणजे बांध घालून अडवलेली खाडीकाठची शेतं, दाखवतो. सह्याद्रीत ट्रेक करणारी मंडळी इथे आली की पहिला प्रश्न हाच असतो, किती किलोमीटर आणि चढ किती. चढ जवळजवळ नाहीच. दिवाडी बेटावरची पिएदादच्या चर्चची टेकडी सोडली तर सगळं सपाट. किलोमीटर मी सांगू शकतो, पण त्याने तुमचं काम होणार नाही. इथली तीन किलोमीटरची वाट सकाळी साडेसातला निघालात तर मजेची आणि साडेदहाला निघालात तर शिक्षा. एका दिवशी त्याच वाटेवर चिखलावर शेकडो पक्षी उतरलेले असतील, आठ दिवसांनी त्याच घटकेला तिथे नुसतं पाणी असेल. तेव्हा खरा प्रश्न कुठली वाट हा नाही. कुठल्या तिथीला, किती वाजता आणि कोणाच्या बांधावरून, हा आहे. ही तीन उत्तरं जमली की वाट आपोआप ठरते.

आधी जागा समजून घ्या. जुनं गोवे हे तिसवाडी तालुक्याच्या उत्तर अंगाला, मांडवीच्या काठावर आहे. समोर नदीत दिवाडी बेट, त्याच्या पश्चिमेला चोडण. पूर्वेकडे मांडवीतून निघून झुआरीला मिळणारा कुंभारजुव्याचा कालवा, सुमारे १७ किलोमीटर लांब. म्हणजे शहराच्या दोन बाजूंना पाणी आणि पाण्याच्या कडेने खाजण. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये आदिलशहाकडून शहर घेतलं, पुढे ते मोठं वैभवाचं झालं, मग रोगराईच्या साथींनी रिकामं होत गेलं आणि १८४३ मध्ये राजधानी अधिकृतपणे पणजीला गेली. आज व्हाइसरॉयच्या कमानीखालून सरळ उतरलं की पाच मिनिटांत फेरीबोटीच्या धक्क्यावर पोचता. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या चर्चेसची गर्दी पाठीमागे आणि समोर तिवरांची, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या झाडांची, हिरवी भिंत. इतक्या जवळ असूनही बहुतेक पर्यटक त्या धक्क्यापर्यंत येत नाहीत.

आता खाजण म्हणजे काय, हे थोडं सविस्तर सांगतो, कारण तुम्ही ज्याला वाट समजून चालणार आहात ती मुळात वाट नाहीच. तो बांध आहे. पोर्तुगीज यायच्या कितीतरी आधीपासून इथल्या गावकऱ्यांनी खाडीकाठची तिवरांची दलदल बांध घालून अडवली आणि आत भातशेती केली. बांध चिखलाचा, जागोजागी चिऱ्याने बांधून काढलेला. बांधाच्या बाहेर खारं पाणी, आत शेत, आणि शेताची पातळी भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे बघा, मग बांध नसता तर काय झालं असतं ते सांगावं लागत नाही.

बांधात ठरावीक जागी दगडी चौकटीत लाकडी झडपा बसवलेल्या असतात, अशा जागेला मानस म्हणतात. भरतीचं पाणी बाहेरून रेटायला लागलं की झडप आपसूक मिटते. ओहोटी लागली की आतलं पाणी तिला बाहेर ढकलतं आणि ती उघडते. वीज नाही, माणूस नाही. पावसाळ्यात शेतातलं जादा पाणी अशाने बाहेर जातं आणि खारं पाणी आत येत नाही. कापणी झाली की काही ठिकाणी मुद्दाम खारं पाणी आत घेतात, त्याबरोबर कोळंबी, मासे येतात, आणि मानशीच्या तोंडाशी जाळं लावून ते धरतात. या मासेमारीचा लिलाव होतो. लिलाव घेतलेल्या माणसाचं तिथे रात्रभर लक्ष असतं, त्यामुळे मानशीजवळ दिसणारी झोपडी रिकामी आहे असं समजून आत डोकावू नका.

हे सगळं सांभाळायची व्यवस्था गावकारीची, म्हणजे गावाच्या सामायिक संस्थेची होती, पोर्तुगीज अमदानीत तिला कोमुनिदाद म्हणू लागले. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. काही गावांत त्या जोरात काम करतात, काही ठिकाणी कोणी फिरकत नाही. त्यातच लोहखनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट मालवाहू बोटी, मांडवीतून आणि कालव्यातून वर्षानुवर्षं गेल्या, त्यांच्या लाटांनी बांधांचे पाय खाल्ले. शेती परवडत नाही म्हणून पडीक ठेवलेली खाजणं आहेत. बांध एकदा फुटला आणि वेळेत बुजवला नाही की खारं पाणी आत शिरतं, दोन-चार वर्षांत तिथे तिवरं उभी राहतात आणि भाताची जमीन पुन्हा दलदल होते. दिवाडी आणि चोडण दोन्हीकडे हे तुम्हाला दिसेल. पक्षी बघणारा खूश होतो, शेतकरी नाही. मला विचाराल तर दोघांचंही बरोबर आहे, आणि हा तंटा तुमच्या तीन सकाळींत सुटणारा नाही.

तुमच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की नकाशावर विसंबू नका. छापील नकाशा, खुणा केलेली वाट, किलोमीटरचे दगड, असलं इथे काही नाही. मोबाइलवरच्या उपग्रह नकाशात बांधाची रेघ स्वच्छ दिसते, अगदी रस्त्यासारखी. लोक ती धरून निघतात. किलोमीटरभर गेल्यावर बांध फुटलेला असतो, मधे सहा-सात हात रुंद पाणी, पलीकडे पुन्हा बांध सुरू. तिथे उडी मारायची नाही, चिखलात उतरायचं नाही, मुकाट्याने परतायचं. म्हणून बांधावरची कुठलीही वाट आखताना मी परतीचा वेळ दुप्पट धरतो आणि पुढचा टप्पा त्या गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय ठरवत नाही.

आता वेळेचं. कोकणात मोठे झालेल्यांना हा हिशेब ठाऊक असेल, पण पुण्याच्या मंडळींसाठी सांगतो. तिथीचा आकडा घ्या, त्याचा पाऊणपट करा, म्हणजे तीनाने गुणून चाराने भागा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण होते. अष्टमी असेल तर आठाचा पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या पुढे, पूर्ण ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, त्याचा पाऊणपट सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. समुद्रापासून आत नदीत भरती थोडी उशिरा पोचते, त्यामुळे जुन्या गोव्याच्या पट्ट्यात पाऊण-एक तास इकडेतिकडे धराच. नक्की आकडा हवा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यात मुरगाव बंदराच्या वेळा असतात, त्या बघा. पण कालनिर्णय हातात घेऊन ढोबळ आखणी करायला पाऊणपटाचा हिशेब पुरतो.

आता याचा वापर. पाणपक्षी चिखलावर उतरतात ते ओहोटीला, कारण चिखलातले किडे आणि शिंपले तेव्हाच उघडे पडतात. उजेड चांगला आणि ऊन कोवळं असतं ते सकाळी सात ते साडेनऊ. या दोन गोष्टी जुळायला हव्यात, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी सात-आठला हवी. पूर्ण ओहोटी साडेसातला म्हणजे पूर्ण भरती दुपारी दीडच्या सुमारास. पाऊणपटाने उलटं गेलात तर उत्तर येतं द्वितीया. तृतीयेलाही चालेल, ओहोटी आठच्या पुढे सरकते. शिवाय पौर्णिमा-अमावास्येनंतरचे एक-दोन दिवस उधाणाचे असतात, भरती मोठी आणि ओहोटीही खोल. चिखल लांबपर्यंत उघडा पडतो. त्यामुळे तुमच्या आठवड्यात द्वितीया किंवा तृतीया येत असेल तर ती सकाळ खाडीकाठासाठी राखून ठेवा, दुसरं काही त्या दिवशी घालू नका.

तुमच्या दिवसांत अष्टमी-नवमी येत असेल तर निराश व्हायचं कारण नाही. तेव्हा भांग असते, पाण्याची चढउतार कमी, आणि सकाळी भरती. त्या दिवशी पायी चालण्यापेक्षा होडी बरी. भरतीला होडी तिवरांतल्या अरुंद फाट्यांत आत शिरू शकते, ओहोटीला तीच होडी गाळात रुतते. सोपा नियम, ओहोटीला पाय आणि भरतीला होडी. दिवसातल्या दोन ओहोट्या सारख्या खोल नसतात, हेही लक्षात असू द्या. काल संध्याकाळी इतका चिखल दिसला म्हणजे आज सकाळी तितकाच दिसेल असं नाही.

आता जागा. तुमच्या घरच्या मंडळींकडे बघून मी तीनच सुचवतो.

पहिली, करमळीचं तळं. जुन्या गोव्यापासून अगदी जवळ, कोकण रेल्वेचं करमळी स्टेशन त्याच्या काठालाच आहे. हे गोड्या पाण्याचं, त्यामुळे भरती-ओहोटीचा काही संबंध नाही आणि तिथी जुळली नाही तरी ही सकाळ वाया जात नाही. तळं माणसांनी केलेलं आहे, शेतीसाठी. पाणी साठवायचं आणि पुढे सोडायचं, त्यामुळे कुठल्या महिन्यात पाणी किती हे शेतीच्या गरजेवर ठरतं. डिसेंबरात साधारणपणे अडई बदकांचे थवे असतात, जांभळ्या पाणकोंबड्या, कमळपक्षी, बगळे, मुग्धबलाक करकोचे. उत्तरेकडून आलेली तलवार बदकं कधी असतात कधी नसतात. आईंसाठी हीच जागा सगळ्यात सोयीची. काठाने रस्ता आहे, गाडी जवळ आणता येते, एका जागी बसूनही पुष्कळ दिसतं. एक छोटी खुर्ची घेऊन या. दुर्बीण एकच असेल तर ती आईंच्या हातात द्या, मुलाला बिनदुर्बिणीचंही खूप सापडतं.

दुसरी, चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य. जुन्या गोव्याहून पणजीच्या दिशेने रायबंदरला या, तिथून फेरी. या रस्त्याने पुढे पणजीला जाताना लागणारा लांबलचक दगडी पूलही बघून ठेवा. रायबंदर आणि पणजीच्या मधली दलदल आणि मिठागरं ओलांडायला तो १६३० च्या दशकात लिन्यारिस नावाच्या व्हाइसरॉयने बांधवला, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, आणि अजून त्यावरून वाहनं धावतात. मिठागरांत डिसेंबरात तुतवार आणि शेकाट्यांसारखे पक्षी दिसतात, पण तिथे गाडी थांबवायला जागा नीट नाही, रहदारी फार. सोडा.

अभयारण्य १९८८ मधलं, जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, चोडणच्या पश्चिम टोकाला. फेरीतून उतरलात की जवळच फाटक आहे, वन खात्याचं तिकीट काढायचं. आत तिवरांमधून बांधलेली पायवाट आहे, त्यामुळे चिखलात पाय घालावा लागत नाही. दमून जावं एवढं अंतर नाही. पण इथे लोकांचा हमखास अपेक्षाभंग होतो, कारण नाव पक्षी अभयारण्य आणि आत शिरल्यावर दिसतात झाडं. दाट तिवरांत पक्षी ऐकू जास्त येतात, दिसतात कमी. तेव्हा तिथे झाडं बघायला जा. कांदळाची कमानीसारखी टेकू-मुळं आणि तिवराची चिखलातून वर आलेली पेन्सिलीएवढी श्वासमुळं यांतला फरक तुमचा मुलगा पाच मिनिटांत शिकेल. काटेरी पानांची मारांडी, पांढऱ्या फुलांची चिपी. एक झाड मात्र हात न लावता बघायचं, हुरा. त्याची फांदी मोडली की पांढरा चीक येतो, तो डोळ्यात गेला तर भयंकर आग होते, दृष्टीला इजा होऊ शकते. कुठलीच फांदी मोडायची नाही, हा नियम केला की ओळखायची गरज उरत नाही.

ओहोटी असेल तर पायवाटेच्या दोन्ही बाजूंना चिखलावर निवट्या उड्या मारताना दिसतात, मासा असून पाण्याबाहेर बसणाऱ्या. आणि एकच नांगी अंगापेक्षा मोठी असलेले लहान खेकडे. मुलं इथेच अडकतात, पुढे हलायला तयार नसतात. हलवू नका. खंड्याच्या दोन-तीन जाती, समुद्र गरुड, ब्राह्मणी घार हे फेरीतूनच दिसून जातं. पाणमांजरं चोडणला आहेत, कोल्हेही आहेत, पण ती दिसतील असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याला पैसे देऊ नका. चिखलात त्यांच्या पायांचे ठसे मात्र पुष्कळदा मिळतात.

तिसरी, दिवाडी. ही माझी आवडती, आणि द्वितीया-तृतीया मिळाली तर तिथे जा. व्हाइसरॉयच्या कमानीखालच्या धक्क्यावरून फेरी घ्या, पहाटे उजाडताच. पलीकडे उतरल्यावर एक रस्ता थेट खाजणातून पिएदादच्या टेकडीकडे जातो. डांबरी आहे, सपाट आहे, दोन्ही बाजूंना शेतं, डबकी, तिवरं. आई हवं तितकं चालून परत फिरू शकतात किंवा रिक्षात बसू शकतात. तुम्हाला आणि मुलाला बांधावर जायचं असेल तर या रस्त्याला फुटणारे बांध आहेत, पण तिथे गावातला माणूस सोबत घ्या. मळार, गोलती, नावेली या बाजूंचे बांध कोणते धड आहेत आणि कोणते फुटले आहेत हे दर पावसाळ्यानंतर बदलतं. मीही नोव्हेंबरात एकदा सगळीकडे फिरून येतो आणि मगच लोकांना नेतो.

वेळ असेल तर दिवाडीच्या ईशान्य टोकाला जाऊन दुसऱ्या फेरीने पलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्वे गावात उतरा. तिथलं सप्तकोटेश्वराचं देऊळ मराठी माणसाला बघायचं असतंच. गोव्याच्या कदंब राजांचं हे दैवत मुळात दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीज काळात ते देऊळ पाडलं गेलं, लिंग नदीपलीकडे नेलं गेलं, आणि तिथे १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी देवळाचा जीर्णोद्धार करवला. लोक गाडीने थेट देवळाच्या दारात जातात. त्यापेक्षा बेट ओलांडून, फेरीतून नदी पार करून गेलात तर लिंग कोणत्या पाण्यातून कुठे गेलं ते कळतं. फक्त हे सगळं अंतर पायी करायचा हट्ट धरू नका. खाजणाचा पट्टा पायी, बाकी गाडी.

कुंभारजुव्याचा कालवा मी पायी वाटेच्या यादीत घातला नाही, आणि त्याचं कारण तुमचा शेवटचा प्रश्न आहे. मगरी आहेत. आपल्याकडच्या नद्यांत असते तीच मगर, एरवी गोड्या पाण्यातली, पण इथे मचूळ पाण्यात राहते, म्हणून अभ्यासकांना तिचं विशेष वाटतं. हिवाळ्यात ओहोटीच्या वेळी त्या चिखलाच्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. बघायच्या असतील तर होडीतूनच बघा. काठाने चालत शोधायला जाऊ नका. फोंडा तालुक्यातल्या काही गावांत पौष अमावास्येला शेतकरी चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, मांगे थापणी म्हणतात त्याला. या लोकांना मगरीचा राग नाही आणि तिचं कौतुकही नाही. ती तिथे राहते हे धरून ते आपलं काम करतात. तुम्हीही तेच धरून चाला.

धोका किती, असं विचाराल तर मधल्या रस्त्यांवर आणि अभयारण्याच्या पायवाटेवर मला भीती वाटत नाही, मुलं असली तरी. पण पाणी सगळीकडचं एकच आहे, म्हणून नियम सगळीकडे पाळतो. पाण्याच्या कडेपासून चार-पाच पावलं आत राहायचं. चिखल धुवायला खाडीत पाय सोडून बसायचं नाही, बाटलीतलं पाणी वापरायचं. मासे धुतले जातात त्या जागी रेंगाळायचं नाही. उजाडायच्या आधी आणि अंधार पडल्यावर पाण्याकाठी थांबायचं नाही. मूल आपल्या आणि पाण्याच्या मधे कधीच नको, आपण मधे.

खरं सांगायचं तर मगरीपेक्षा मला इतर तीन गोष्टींची जास्त काळजी असते. एक, ऊन. डिसेंबरातही दुपारचं तापमान ३२-३३ अंशांपर्यंत जातं, बांधावर सावलीचं एक झाड नसतं आणि हवेत दमटपणा. साडेनऊला परतीला लागा. माणशी दीड-दोन लिटर पाणी, आणि आईंना मीठ-साखर चालत असेल तर तेही. दुसरी, मानस ओलांडणं. वरची फळी किंवा दगड शेवाळलेला असतो आणि खाली झडपेतून सुटलेलं पाणी फार जोरात असतं. मुलाला घेऊन कुठलीच मानस ओलांडू नका, अलीकडूनच बघा. तिसरी, चिखल. वरून वाळलेला दिसतो, पाय ठेवला की मळलेल्या पिठात हात रुतावा तसा पाय घोट्याच्या वर जातो आणि सुटत नाही. आत कालवांची, म्हणजे धारदार शिंपल्यांची, कवचं असतात, तळवा सरळ कापला जातो. रुतलातच तर ओढाताण करायची नाही. मागे टेकून वजन पसरायचं आणि पाय हलवत हलवत टाच आधी सोडवायची.

म्हणून पायात नाडीचे जुने बूट घाला. सँडल चिखलात राहते आणि गमबुटाला चिखल सोडत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, फिके किंवा मातकट रंग, टोपी. संध्याकाळी डास फार, तेव्हा मलम हवं. बांधावर स्वच्छतागृह नाही, धक्क्यावर असतंच असंही नाही, हे आईंना आधी सांगून ठेवा. वाटेत साप दिसला तर बहुधा पाणसाप असेल, पण तो कोणता हे ठरवायला जवळ जाऊ नका. घोणसही या शेतांत असते.

वाटाड्याचं उत्तर यातच आलं. करमळी आणि अभयारण्याला लागत नाही, पण पक्ष्यांची ओळख नसेल तर घेतलेला बरा. दिवाडीच्या डांबरी रस्त्यालाही लागत नाही. बांधावर उतरायचं असेल तर लागतोच, आणि तो पणजीहून गाडीतून आलेला नको, त्या गावचा हवा. बांध हा सार्वजनिक रस्ता नसतो. गावकरी सहसा अडवत नाहीत, मात्र विचारलं तर त्यांना बरं वाटतं. ताज्या चिखलाने लिंपलेल्या बांधावर पाय ठेवू नका, ती डागडुजी असते. खाजणात वायंगणाचं, म्हणजे हिवाळी हंगामाचं, भात लावलेलं असेल तर शेतातून आडवं जायचं नाही. कोणी मासळी किंवा कुर्ल्या (खेकडे) धरत असेल तर फोटो काढण्याआधी बोला. बोललात तर फोटोपेक्षा जास्त मिळतं, कुठल्या मानशीवर सध्या काय चाललंय ते कळतं.

तर तुमच्या तीन सकाळी मी अशा लावीन. कालनिर्णयात बघून द्वितीया-तृतीयेच्या सर्वांत जवळची सकाळ दिवाडीला. ओहोटी सात ते नऊच्या मधे येते असा दुसरा दिवस असेल तर तो चोडणला. उरलेली सकाळ, भरती कितीही वाजता असो, करमळीच्या तळ्याला. आठवड्यात अष्टमीच्या आसपासचेच दिवस येत असतील तर करमळी एक सकाळ, होडीतून चोडणचे फाटे दुसरी सकाळ, आणि तिसऱ्या दिवशी दिवाडी दुपारी चारनंतर. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराच्या पुढे असते, त्यामुळे चार वाजताही थोडा चिखल उघडा असेल आणि ऊन उतरलेलं असेल. फक्त त्या दिवशी परतीच्या फेरीची शेवटची वेळ जातानाच धक्क्यावर विचारून घ्या आणि तिच्या आधीची फेरी पकडायची असं ठरवून चाला.

ड्रोनचं तुम्ही ओझरतं विचारलंय. अभयारण्यात ड्रोन चालत नाही, आणि चिखलावर पक्षी बसलेले असताना बाहेरही तो उडवू नका. एकदा उडालेला थवा त्या ओहोटीला परत खाली येत नाही.

तारखा पक्क्या झाल्या की तिथ्या लिहून कळवा, वेळा काढून देतो.